मासेमारीच्या छोट्या बोटीसाठी ऑटोपायलट: कोणता घ्यावा आणि निवडताना काय बघावं?

खांदेरीकर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथलं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी बोट २६ फुटी, फायबरची. मधोमध कन्सोल, मागे एकच २०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. हायड्रॉलिक स्टिअरिंग आधीच्या मालकाने बसवलेलं आहे. पावसाळ्यात बोट मांडव्याला वर काढलेली असते. नारळी पौर्णिमा झाली की रंगरंगोटी करून पाण्यात उतरवतो आणि मग मेपर्यंत जवळजवळ दर रविवारी पहाटे बाहेर. खांदेरी बेटाच्या पश्चिमेला सुरमईसाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गऱ्या ओढत मासेमारी, कधी खाली रेवदंड्यापर्यंत. सगळं हौसेपोटी, घरच्या ताटापुरतं.

आजवर चाकावर बाबा असायचे आणि मागे गऱ्या-दोर मी बघायचो. त्यांचं वय ७१. उन्हाळ्यात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आता चाक धरवत नाही. पण समुद्र सोडवत नाही, त्यामुळे बोटीवर येतातच. गेल्या रविवारी मी चाक सरळ ठेवून मागे आलो, तेवढ्यात उजवीकडच्या रॉडला मासा लागला. मी रॉड हातात घेतो न घेतो तोच बोट वळली आणि लाटेला आडवी झाली. दोन्ही दोर एकमेकांत पिळले गेले, सोडवताना माझी करंगळी कापली. बाबा आइसबॉक्सवर बसले होते, ते एका हाताने रेलिंगला धरून कसेबसे टिकले. मासा गेला त्याचं काही नाही. पण परत येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत, ते मनातून जात नाही.

तर आता ऑटोपायलट घ्यायचाच. प्लॉटर (जीपीएस-नकाशाचा पडदा) गार्मिनचा आहे, ९ इंची. कोणी रेमरीनचं नाव सांगतं, कोणी गार्मिनचं, कोणी सिमरॅडचं. कोणता घ्यावा? ट्रोलिंगच्या ५-६ नॉटच्या वेगात तो दिशा धरतो का? आणि मुंबईच्या पाण्यात हे यंत्र वापरणं कितपत शहाणपणाचं आहे?

मतलई | रविवार, रात्री ११.०५

खांदेरीकर, आधी वडिलांना नमस्कार सांगा.

प्रश्न चांगला आहे, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली आहे. आपण सगळे तेच करतो: आधी पडदा बघतो, मग कंपनी आणि शेवटी पंप. उलटं करा. ऑटोपायलटचे मुख्य भाग चार. दिशा कळणारा सेन्सर म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, हिशोब करणारा कंट्रोलर, बटणांचा पडदा आणि प्रत्यक्ष इंजिन वळवणारा हायड्रॉलिक पंप. पहिले तीन आज कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचे उत्तम आहेत. बोट सरळ जाणार की सापासारखी नागमोडी, हे बऱ्याच अंशी पंप तुमच्या सिलिंडरला जुळतो की नाही यावर ठरतं.

म्हणून पहिलं काम: इंजिनापाशी जो स्टिअरिंगचा सिलिंडर आहे त्यात तेल किती मावतं ते काढा. सिलिंडरवर मॉडेल नंबर कोरलेला असतो, त्यावरून माहितीपत्रकात आकडा मिळतो. नंबर झिजला असेल तर मापं घ्या. समजा आतला व्यास ३५ मिलिमीटर, दांडा १९ मिलिमीटरचा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सरक २०० मिलिमीटर. ३५ चा वर्ग वजा १९ चा वर्ग म्हणजे ८६४. त्याला ०.७८५ ने गुणलं की ६७८ चौरस मिलिमीटर. गुणिले २०० केलं की साधारण १३६ घनसेंटिमीटर.

आता रेमरीनचे पंप बघा. ०.५ टाइपचा पंप ५० ते ११० घनसेंटिमीटरसाठी, टाइप १ हा ८० ते २३० साठी. म्हणजे १३६ ला टाइप १. गार्मिनच्या रिअ‍ॅक्टर या ऑटोपायलटमध्येही पंपाचे लहान-मोठे प्रकार आहेत, सिमरॅडमध्येही. मिनिटाला १ लिटर तेल ढकलणारा पंप असेल तर हा सिलिंडर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला त्याला सुमारे ८ सेकंद लागतील, आणि तेवढे पुरतात. पंप लहान पडला तर मागून लाट आल्यावर तो उशिरा पोचतो आणि बोट तोवर वळलेली असते. मोठा झाला तर प्रत्येक वेळी थोडं जास्तच वळवतो आणि मग ते निस्तरत बसतो. दोन्हीत नागमोडी ठरलेली.

मापं घेऊन या, मग कंपनीचं बोलू.

खांदेरीकर | मंगळवार, रात्री १०.२०

मतलई दादा, तुमचा प्रतिसाद छापून बोटीवर घेऊन गेलो. नंबर वाचता आला. माहितीपत्रकात १३८ घनसेंटिमीटर आहे, म्हणजे तुमच्या उदाहरणाच्या अगदी जवळ.

पण दुसरंच काहीतरी सापडलं. दांड्यावर मिठाची पांढरी साय होती. ती ओल्या फडक्याने पुसली तर खाली सीलच्या कडेला तेलाचा पातळ ओघळ. चाक फिरवलं तर पहिला पाव फेरा रिकामा जातो, मग कुठे इंजिन हलतं. मला वाटायचं हे असंच असतं. शंका आली म्हणून टाकीचं बूच उघडून तेल बोटावर घेतलं, तर वास ब्रेक ऑइलचा. आठवलं, दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिककडून पातळी भरून घेतली होती. त्याने जे हाताशी होतं ते ओतलं असणार.

विजेरीताई | मंगळवार, रात्री १०.५८

खांदेरीकर, बरं झालं आत्ताच बघितलंत. मी बोटींचं इलेक्ट्रिकलचं काम करते, माझगावच्या बाजूला. हा प्रकार पाहिलेला आहे. ब्रेक ऑइलने स्टिअरिंगचे सील फुगतात आणि मऊ पडतात. सिलिंडरचे सील बदला, होसेस तपासा, सगळं जुनं तेल काढून स्टिअरिंगसाठीच असलेलं तेल भरा. चाकाचा जो पाव फेरा रिकामा जातो ती आत शिरलेली हवा आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. माणसाचा हात तो रिकामा फेरा सवयीने भरून काढतो, यंत्राला मात्र तो समजत नाही. हवा असलेल्या स्टिअरिंगवर जगातला सगळ्यात महागडा पायलट बसवा, तो दिवसभर डावं-उजवं करत पंप तापवत बसेल.

हवा काढणं दोघांचं काम आहे. एकाने चाकाच्या पंपावर तेलाची बाटली उलटी लावून चाक फिरवायचं, दुसऱ्याने सिलिंडरचा हवा काढायचा निपल उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल बाहेर येऊ द्यायचं. पुन्हा दुसऱ्या बाजूने तेच. घाई करू नका. ऑटोपायलटचा पंप बसला की हेच पुन्हा करावं लागेल, कारण तो दोन्ही होसमध्ये टी लावून जोडतात आणि तिसरी नळी चाकाच्या टाकीकडे जाते. पंप चाकापेक्षा खालच्या पातळीला बसवा म्हणजे हवा वर सुटायला सोपं जातं.

विजेचं आणि होकायंत्राचं उद्या सविस्तर लिहिते.

गरी_आणि_दोर | बुधवार, सकाळी ८.१५

ज्यांच्या बोटीला केबलचं स्टिअरिंग आहे त्यांच्यासाठीही कोणी लिहा ना. माझी १९ फुटी आहे, ९० चं इंजिन. हायड्रॉलिक करायचं म्हणजे खर्च दुप्पट.

मतलई | बुधवार, सकाळी ९.००

केबलसाठी वेगळी मोटर मिळते, चाकामागे बसते. ऑक्टोपस नावाची कॅनडाची कंपनी ती बनवते आणि लोरन्ससारख्यांच्या केबलवाल्या किटमध्ये तीच येते. पण केबल जुनी असेल, हाताला जड लागत असेल, तर आधी केबल बदला. खाऱ्या हवेत आतून गंजलेली केबल मोटरला लवकर मारते. आणि ९० हॉर्सपॉवरला मी तरी सांगेन, आधी हायड्रॉलिक करा, पायलट पुढच्या हंगामात.

विजेरीताई | बुधवार, रात्री ९.३०

आता होकायंत्र. पायलटचा मेंदू कितीही हुशार असला तरी त्याला दिशा सांगतो हा एक छोटा डबा. त्याला चुंबक आणि लोखंड अजिबात चालत नाही. स्पीकर, व्हीएचएफ रेडिओचा स्पीकर असलेला सेट, वायपरची मोटर, बॅटरीच्या जाड वायरी, सगळ्यांपासून निदान एक मीटर लांब. जागा ठरवण्याआधी साधं हाताचं होकायंत्र तिथे ठेवा आणि एकेक स्विच चालू करून सुई हलते का बघा.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. एका बोटीवर सेन्सर पुढच्या लॉकरमध्ये बसवला, कॅलिब्रेशन केलं, म्हणजे दिशा जुळवून घेतली, काटा अगदी नेमका. पंधरा दिवसांनी मालकाचा फोन: पायलट २० अंश खोटं बोलतोय. जाऊन बघितलं तर त्याच लॉकरमध्ये, सेन्सरच्या खाली वीतभर अंतरावर, जास्तीचा लोखंडी नांगर आणि साखळी ठेवलेली. मालकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. जागा निवडताना मी विचारायला हवं होतं की या लॉकरमध्ये पुढे काय काय राहणार आहे. तेव्हापासून सेन्सरशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवते: इथे लोखंड ठेवू नका.

एक गोष्ट मुंबईकरांच्या सोयीची आहे. आपल्याकडे चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक एक अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे प्लॉटर आणि होकायंत्रात मोठी तफावत दिसली तर तिचं कारण बोटीवरच शोधा.

वीज: हायड्रॉलिक पंप १२ व्होल्टवर चालतो आणि जोर लावताना बरेच अँपिअर ओढतो. वायर माहितीपत्रकातल्या जाडीचीच घ्या, लांबी मोजताना जाण्याची आणि येण्याची दोन्ही धरा. आणि वायर कथील चढवलेलीच हवी. घरातली साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आधी हिरवी आणि मग काळी पडते, टोक कापत कापत मागे गेलात तरी आत काळीच. फ्यूज पंपाचा वेगळा.

बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणारं नेटवर्कचं केबलिंग एनएमईए २००० प्रकारचं असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचे रोध, हवेत. वीज बंद करून मीटर लावला की ६० ओहम दिसायला पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही किंवा तुटलाय. हे दोन मिनिटांत तपासून होतं आणि त्याने अर्धी दुखणी सापडतात.

दीपस्तंभ | गुरुवार, सकाळी ७.१०

मी ३० वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, आता निवृत्त. खांदेरीकरांनी विचारलेला शेवटचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही: मुंबईच्या पाण्यात हे शहाणपणाचं आहे का. त्यावर लिहितो.

ऑटोपायलट दिशा धरतो, समोर बघत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करनिवारण नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेवर सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा हवा. यातून हौशी बोटीला सूट नाही. दुसरं, ट्रोलिंग करणाऱ्यांना वाटतं की आपण मासेमारीत गुंतलेली नौका आहोत, मोठी जहाजं आपल्याला वाट देतील. नियम तीन स्पष्ट सांगतो की ट्रोलिंगचे दोर सोडून चालणारी बोट त्या व्याख्येत येत नाही. तुम्ही साधी यांत्रिक नौका आहात, वाट देण्याची जबाबदारी इतरांइतकीच तुमची. आणि नियम नऊ: अरुंद मार्गात २० मीटरपेक्षा लहान नौकेने, त्या मार्गाबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. मुंबई बंदर आणि जेएनपीएच्या (न्हावा शेवा बंदराच्या) खोल मार्गात येणारं जहाज म्हणजे नेमकं तेच.

१५ नॉटने येणारं जहाज ४ मिनिटांत एक सागरी मैल कापतं. तुम्ही समोरून ६ नॉटने जाताय. तीन मैलांवर दिसलेलं जहाज साडेआठ मिनिटांत तुमच्यापाशी आहे. सुरमई लागली असेल तर साडेआठ मिनिटं कशी जातात ते तुम्हाला माहीत आहे. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे ते चालवतात त्या खोलीतून, त्याच्या नाकासमोरचं बरंच पाणी दिसत नाही. मी तिथे उभा राहिलो आहे, म्हणून जीव तोडून सांगतो.

माझं मत: कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्स दीपगृह मागे पडेपर्यंत आणि मार्ग ओलांडेपर्यंत हाताने चालवा. पायलट बाहेर, मोकळ्या पाण्यात.

आणखी एक. पायलट चालू असताना कोणी पाण्यात पडलं तर बोट थांबत नाही, सरळ निघून जाते. इंजिनाची किल-स्विचची दोरी, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, अंगाला बांधा. जॅकेट दोघांनीही घाला, वडिलांनी नक्की. मनगटावर किंवा गळ्यात राहील असा वायरलेस रिमोट घेतलात तर पैसे सत्कारणी लागतील. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर आणि व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल वडिलांना वापरता आलं पाहिजे.

वेसावचा_नाखवा | गुरुवार, दुपारी २.४५

दीपस्तंभ साहेब बरोबर बोलले. मी मोठ्या जहाजांचं नाय बोलत, आमच्या जाळ्यांचं बोलतो.

आमची डोलजाळी समुद्रात खुंटांना बांधलेली असते. बोंबील, करंदी त्यातच मिळते. एकेक डोल ओळीने लागलेली, वर फक्त बोये दिसतात, आणि पाण्याला ओढ असली की बोया अर्धा पाण्याखाली जातो. रात्री वावरी जाळी टाकलेली असतात, त्यांच्या टोकाला एक मिणमिणता दिवा. तुझं यंत्र सरळ जाणार. सरळ म्हणजे माझ्या जाळ्यावरून. तुझा पंखा अडकेल, इंजिन बंद पडेल आणि पाण्याची ओढ तुला जाळ्यावरच दाबून धरेल. माझं जाळं फाटलं तर दोन-चार दिवसांची रोजी गेली, ते वेगळंच.

पोरा, यंत्र घे. बापासाठी घेतोस, चांगलं करतोस. पण उजाडल्याशिवाय चालू करू नको. आणि ओळीने बोये दिसले तर ओळीच्या बाहेरून, पाणी जिकडे वाहतंय तिकडच्या अंगाने लांबून जा, कारण डोलीचं तोंड पाण्यासमोर असतं आणि शेपूट ओढीबरोबर मागे लांब पसरलेलं असतं. बोया दिसला म्हणजे जाळं तिथेच संपलं असं धरू नको.

खांदेरीकर | गुरुवार, रात्री १०.००

नाखवा काका, दीपस्तंभ सर, दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

सुकती | शुक्रवार, सकाळी १०.३५

एक मुद्दा राहिलाय, तो आपल्या पाण्यात फार मोठा आहे: भरती-ओहोटीच्या पाण्याची ओढ. पायलटचे दोन मुख्य मोड असतात. एक नुसती दिशा धरतो, दुसरा जीपीएसवरची रेघ धरतो. दिशा धरणाऱ्या मोडमध्ये बोटीचं नाक बरोबर राहतं, पण खालचं पाणीच सरकत असतं. ६ नॉटने चाललात आणि आडवी ओढ २ नॉटची असेल तर तासाभरात तुम्ही २ सागरी मैल, म्हणजे ३.७ किलोमीटर बाजूला. उधाणाच्या दिवसांत बंदराच्या तोंडाशी ओहोटी नैर्ऋत्येला जोरात निघते, तिथे गेटवेहून मांडव्याला जाताना हे डोळ्यांनी दिसतं. रेघ धरणारा मोड नाक १९-२० अंश ओढीच्या विरुद्ध वळवून ठेवतो आणि रेघेवर राहतो. त्यासाठी पायलट आणि प्लॉटर एकमेकांशी बोलले पाहिजेत. म्हणून खांदेरीकर, तुमचा प्लॉटर गार्मिनचा आहे हे मी निवडताना बरंच वजनदार धरेन. दुसऱ्या कंपनीच्या पायलटला प्लॉटरकडून मार्गाची माहिती मिळू शकते, पण त्याला हुकूम देण्याची बटणं त्याच पडद्यावर मिळतील असं नाही. मग वेगळा कंट्रोल लावायचा, म्हणजे कन्सोलवर आणखी एक भोक.

भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या, दिवसांत नुसत्या दिशेवरही काम भागतं. ट्रोलिंगला मी स्वतः दिशाच धरतो. मासा ओढीबरोबर फिरतो, बोटही फिरली तर बिघडत नाही.

मतलई | शुक्रवार, दुपारी १२.२०

सुकती यांच्याशी सहमत. आता कंपन्यांचं बोलायला हरकत नाही.

गार्मिनच्या रिअ‍ॅक्टर ४० मध्ये शॅडो ड्राइव्ह म्हणून एक झडप असते. पायलट चालू असताना तुम्ही चाक फिरवलंत की तो आपोआप बाजूला होतो, आणि चाक सरळ धरून राहिलात की परत हातात घेतो. समोर बोया आला की बटण शोधत बसायचं नाही. खांदेरीकरांसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, नाखवांचं वाचल्यावर तर जास्तच. रेमरीनच्या इव्होल्यूशन या पायलटचा सेन्सर फार चांगला आहे, लाटेत बोटीचं डोलणं ओळखून घेतो आणि बसवल्यावर फारशी जुळवाजुळव लागत नाही. प्लॉटर रेमरीनचा असता तर डोळे मिटून तोच सांगितला असता. सिमरॅडचं वेगळेपण म्हणजे खोलीची रेघ धरून चालण्याची सोय. पण मुंबईसमोरचा तळ चिखलाचा आणि हळूहळू उतरणारा, तिथे तिचा उपयोग कमी. फुरुनो मोठ्या, व्यावसायिक बोटींवर मजबूत. यामाहाचं २०२० मध्ये आलेलं हेल्म मास्टर ईएक्स इंजिनासकट नव्या बोटीला सुंदर, जुन्या बोटीला लावायला कोणी सांगू नये.

बहुतेक कंपन्यांत गोल, नागमोडी अशा मासेमारीच्या चाली असतात. त्यातली एकच मी वापरतो: मासा लागला की गोल. बाकी जाहिरातीपुरत्या.

गरी_आणि_दोर | शुक्रवार, दुपारी १.०५

जे पाण्याखालच्या खडकांवर बोट उभी करून तांब, हेकरू हे मासे धरतात त्यांनी ऑटोपायलटऐवजी जीपीएसवर जागा धरणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर बघावी. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या. उधाणाच्या ओढीत बॅटरी भराभर संपते, त्यामुळे पाणी थांबतं त्या तासाभरातच तिचा खरा उपयोग.

खांदेरीकर | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

मंडळी, काम झालं.

आधी सील आणि तेल. जुनं तेल काढलं ते गढूळ तपकिरी होतं, त्यात काळ्या रबराचे कण. नवीन तेल भरून हवा काढायला मी आणि माझा भाचा, सकाळी सातपासून दुपारपर्यंत. आता चाक बोटभर हललं तरी इंजिन हलतं. खरं सांगतो, एवढ्याने सुद्धा बोट नवीन झाल्यासारखी वाटली.

मग रिअ‍ॅक्टर ४०. पंप १३८ घनसेंटिमीटरला बसणारा, गार्मिनच्या तक्त्यात बघूनच घेतला. पंप कन्सोलच्या आत खाली, सेन्सर मध्यावर, स्पीकरपासून सव्वा मीटर. विजेरीताई, तुमची चिठ्ठी मीही चिकटवली. मीटर लावला तर ५९.८ ओहम. वायरलेस रिमोट घेतला, तो बाबांच्या गळ्यात असतो.

कॅलिब्रेशनसाठी भांगाचा दिवस आणि पाणी थांबण्याची वेळ धरली. मांडव्याच्या दक्षिणेला मोकळ्या पाण्यात हळूहळू गोल घेतले.

आज पहिली खरी फेरी. मतलई वारा होता, समुद्र तेलासारखा. प्रॉंग्स मागे पडेपर्यंत हातानेच आलो. उजाडलं, आजूबाजूला बोये नाहीत हे दोघांनी बघितलं, मग दिशा दिली. ५.५ नॉट. मागे वळून बघितलं तर पाण्यावरची रेघ ताणलेल्या दोरीसारखी. बाबा पुढे तोंड करून चाकाशेजारी उभे. पहाऱ्याचं काम आता त्यांचं आहे आणि ते तहान-भूक विसरून करतात. दोनदा त्यांनी आवाज दिला. एकदा तरंगतं लाकूड, एकदा बोया. चाकाला डाव्या हाताचा हलका धक्का, पायलट बाजूला, बोया गेला, पायलट परत. त्या खांद्याला काही त्रास नाही.

खांदेरीच्या पश्चिमेला साडेआठला रॉड वाकला. या वेळी मी रॉडपाशी गेलो आणि बाबांनी रिमोटवरून गोल सुरू केला. दोर मोकळे राहिले. पाच किलोची सुरमई. परत येताना बाबांनी खांदेरीच्या वेताळाकडे बघून हात जोडले आणि नारळ पाण्यात सोडला.

एक अडचण आहे. दुपारी खारा वारा सुटला, परतताना लाट मागून यायला लागली तेव्हा बोट दोन्ही बाजूंना दहा-बारा अंश झुलत होती. मी शेवटी हाताने आणली. काय बदलू?

मतलई | रविवार, रात्री ९.१०

वाचून फार आनंद झाला. मागच्या लाटेत थोडं झुलणं सगळ्याच पायलटांना असतं, पण दहा-बारा अंश जास्त आहे. रिस्पॉन्स (पायलट किती झटकन वळवतो ते सेटिंग) एक पायरी वाढवून बघा, वेग एखादा नॉट वर-खाली करा, आणि लाट थेट मागून घेण्याऐवजी थोडी तिरकी घ्या. तरी झुलली तर तेलात पुन्हा हवा आहे का बघा. नवीन होसमध्ये राहिलेली हवा पहिल्या काही तासांत वर येते.

विजेरीताई | रविवार, रात्री ९.४५

मी हेच लिहिणार होते. पहिल्या दहा तासांनी चाकाच्या टाकीतली पातळी बघाच. आणि टी जोडांखाली रात्रभर कोरडा कागद ठेवा, सकाळी तेलाचा डाग दिसला तर जोड आवळायचा.

वेसावचा_नाखवा | सोमवार, सकाळी ६.२०

बाप पुढे बघतो आणि मुलगा मागे, हे बरं केलंस. बापाला घेऊन कधी वेसाव्याला ये. आमच्या डोली या हंगामात कुठे लागल्यात ते दाखवतो, तुझ्या पडद्यावर खुणा करून घे.

खांदेरीकर | बुधवार, रात्री ९.१५

काका, शनिवारी येतो, बाबांनाही आणतो.

ताई, कागद कोरडा निघाला. पण टाकीतली पातळी बोटभर खाली होती. पुन्हा हवा काढली, दोन बुडबुडे मोठे निघाले, तेल भरलं. आज संध्याकाळी वारा असताना मांडव्यापर्यंत जाऊन आलो, रिस्पॉन्स एक पायरी वर ठेवून. लाट मागून, झुलणं चार-पाच अंश. हाताने मी यापेक्षा सरळ आणली नसती.